जपानीणीचं दावं

आमच्या शेजारचे मारोतीभाऊ उराडे कुठलीही वस्तू पुरती विकत नाहीत. गाडीचा टर्बो विकला तर त्याचा एक बोल्ट स्वतःजवळ ठेवून घेतात. सायलेन्सर विकला तर एक नट. मागे चारही चाकं विकली तेव्हा वीस नटांपैकी एकोणीसच दिले. घेणाऱ्याला हे घरी गेल्यावर कळतं, मग तो संतापून फोन करतो. तो फोन मारोतीभाऊंना जात नाही. मला येतो.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गोंडपिपरीत आमचं घर आणि त्यांचं घर लागून, मधे कमरेएवढी भिंत. दुपारी जेवून जरा पाठ टेकावी तर फोन वाजतो. कधी नागपूरचा, कधी हैदराबादचा, एकदा तर गुवाहाटीचा. "दीदी, इंटरकूलर मिल गया, लेकिन एक बोल्ट कम है." या वयात इंटरकूलर म्हणजे काय हे मला कळायची काही गरज होती का? पण कळलं. सगळं कळलं. शिकवणारा भिंतीपलीकडेच राहतो ना.

झालं असं की मारोतीभाऊंचा फोन बटणांचा. त्यावर जाहिरात टाकता येत नाही. एक दिवस भिंतीवरून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या फोनवरून एक जाहिरात टाकून द्या. दोन मिनिटाचं काम आहे." मी टाकली. खाली नंबर मागितला, तो माझाच द्यावा लागला. त्या दोन मिनिटांना आता दोन वर्षं होत आली. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच, आणि या माणसाला त्याचं काडीचं वाटत नाही.

आता बोल्ट का ठेवतात, ते सांगते. मारोतीभाऊंच्या वडिलांना शंकरपटाचा नाद होता. पट म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली बैलांची शर्यत. त्यांच्या जोडीचं नाव पार गडचिरोलीपर्यंत होतं म्हणतात. तर बैल विकायची वेळ आली की त्याला ओवाळायचं, शेवटचा घास भरवायचा आणि गळ्यातलं दावं काढून घ्यायचं. बैल न्यायला येणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. जुनं दावं जनावराबरोबर गेलं तर घरची बरकत जाते, अशी रीत. "दावं घरी तं बैल दारी," असं त्यांचे वडील म्हणत. आता बैलाचं मी समजू शकते. पण टर्बोला दावं कुठून आणायचं? तर त्याचा बोल्ट काढून घ्यायचा. हे बोल्ट ते डब्यात टाकत नाहीत. वडिलांच्या शेवटच्या बैलाचं दावं गोठ्यात खुंटीला टांगलेलं आहे, त्याला तारेनं एकेक बोल्ट बांधतात. गोठ्यात बैल नाही, गाय नाही, शेळीसुद्धा नाही. नुसतं बोल्टांनी जड झालेलं एक दावं लोंबतं.

गाडीची कथा वेगळीच. मारोतीभाऊ कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. डंपर उघडायचा आणि पुन्हा बांधायचा, यात जन्म गेला. निवृत्तीच्या सुमारास कुठल्याशा ठेकेदाराच्या पोरानं हौसेनं रेसची जपानी गाडी आणली आणि जंगलाच्या रस्त्यावर रानडुकराला चुकवताना सागाच्या झाडावर घातली. पोरगा वाचला, डुक्कर वाचलं, गाडी भंगारात निघाली. मारोतीभाऊंनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली. लोक पाहायला जमले. कोणीतरी विचारलं, हे काय आणलं भाऊ. ते म्हणाले, "जपानीण आहे. अंगानं मोडली, मनानं नाई." तेव्हापासून सगळा मोहल्ला त्या गाडीला जपानीणच म्हणतो.

तिच्या अंगावर जपानहून जे आलं ते माहेरचं, आणि इकडे येऊन जे बाहेरचं बसवलं ते सासरचं, अशी त्यांनी वाटणी केली. जाहिरातसुद्धा मला तशीच लिहायला लावली. "स्टिअरिंग, माहेरचं. शॉकअप, सासरचे, चार नग." मी म्हटलं, भाऊ, लोकांना कळणार नाही. म्हणाले, ज्याले कळणार नाई त्याले द्याचंच नाई. त्यावर पुण्याच्या एका मुलानं मला फोन करून अदबीनं विचारलं होतं की मॅडम, ही कुठली कंपनी, सासर? मी रागानं फोन ठेवला आणि नंतर एकटीच हसत बसले.

पोळ्याला जपानीणीला बेगड लावायचे. बॉनेटवर झूल, आरशांना गोंडे, पुढं पुरणपोळीचा नैवेद्य. हे तिची चाकं होती तेव्हा. चाकं विकल्यावरही सोडलं नाही. मागच्या पोळ्याला ती चार लाकडी ओंडक्यांवर उभी होती, आत इंजिन नव्हतं, आणि हे तिला ओवाळत होते.

विकणारा माणूस गिऱ्हाइकाला गोड बोलतो, असा आपला समज. मारोतीभाऊ गिऱ्हाइकाची आधी उलटतपासणी घेतात. गाडी कुठं ठेवतोस, सावली आहे का, तेल किती दिवसांनी बदलतोस, मागची गाडी काऊन विकली. मग हात पुढे करायला सांगतात आणि नखं बघतात. नखांत काळं नसेल तर संपलं. "विकाचीच आहे. पण तुले नाई," असं तोंडावर सांगून मोकळे. यवतमाळहून एक डॉक्टर आला होता, स्वच्छ हातांचा. त्याला पाणी पाजलं, चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवलं. डॉक्टरनं माझ्याकडे दाद मागितली. मी काय करणार, मी काय त्यांची मालकीण आहे?

आणि ज्याला द्यायचं त्याला मालाचं इतकं खरं सांगायचं की त्यानं पळून जावं. हा टर्बो तेल पिते. थंडीत सकाळी खोकलते. हा सायलेन्सर खालून जोडलेला आहे, जोड माह्याच हातचा आहे, पण जोड तो जोड. गिऱ्हाईक बिचारं कावरंबावरं होऊन म्हणतं, मग घेऊ की नको? त्यावर हे खेकसतात, मी काय तुह्या घरचा वकील आहो का?

नागपूरचा एक तरुण मेकॅनिक मात्र बोल्टासाठी परत आला. मोटरसायकलवर, भर उन्हात, शर्ट घामानं भिजलेला, डोळे लाल. तो बोल्ट म्हणे बाजारात मिळत नव्हता. भिंतीपाशी उभा राहून त्यानं मारोतीभाऊंना जे काही सुनावलं ते मी इथं लिहू शकत नाही. मारोतीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याला गोठ्यात नेलं, दावं दाखवलं, वडिलांच्या बैलांची नावं सांगितली. बाहेर येऊन तो पोरगा ओसरीवर बसला. जेवून गेला. जाताना बोल्टाच्या मापाचा दुसरा बोल्ट मारोतीभाऊंनी लेथवाल्याकडून करवून दिला, पण मूळचा दिला नाही. तोच पोरगा आता पोळ्याला मला फोन करतो आणि विचारतो, काका कसे आहेत. माझी दुपार मोडून विचारतो, ते वेगळं.

आतापर्यंत तुम्हाला हा माणूस गमतीचा वाटला असेल. मलाही बाहेरच्यांपुढे तसाच सांगावा लागतो. पण माझा खरा राग फोनचा नाही. तीन वर्षं झाली, तो राग माझ्या पोटात आहे.

मारोतीभाऊंना एकच मुलगी, वैशाली. वहिनी लवकर गेल्या. घरात बाप आणि लेक, दोघंच. वैशू माझ्या वर्गात होती. चौथीत असताना बाकीच्या पोरी नद्यांची नावं पाठ करत, ही मला इंजिनात आधी कुठला सिलिंडर पेटतो आणि मग कुठला, ते सांगायची. जपानीण आली तेव्हा ही कॉलेजात होती. पाच वर्षं दोघांनी मिळून ती गाडी उभी केली. बाप खाली झोपलेला, लेक बॅटरी धरून बसलेली, मग लेक खाली आणि बाप बॅटरी धरून. त्या अंगणातून मला रोज दोघांचं भांडण ऐकू यायचं, आणि खरं सांगते, मला ते ऐकायला आवडायचं. गाडी चालू झाली ती वैशूनंच चालवली. जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं असं काही वळण घ्यायची की बघणाऱ्यानं रस्ता सोडून झाडामागं जावं. मारोतीभाऊ मिशीतल्या मिशीत हसत. म्हणत, धुरकरी जन्माला यावा लागते. पटात बैल हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात.

मग नागपूरकडे मातीच्या मैदानावर गाड्यांची शर्यत होती. वैशूचं नाव दिलेलं. आम्ही जीप करून गेलो, मीही होते. वैशूनं हातमोजे घातले, हेल्मेट घातलं. आणि ऐनवेळी मारोतीभाऊ म्हणाले, आज सचिन चालवेल. सचिन म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा, तिच्या सासरच्या गावी जत्रेत जीप चालवणारा. का? तर पटाच्या दिवशी बाईनं छकड्यावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या गाडीवर, चढायचं नसतं, घरची बाई चढली तर जोडी अडखळते, असं त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. घरच्या अंगणात चालेल, जंगलात चालेल, चार माणसांत शर्यतीच्या दिवशी चालणार नाही. अरे, ती काय छकडा आहे? ती जपानहून आलेली गाडी आहे. तिला तुमच्या वडिलांची रीत कोणी सांगितली? पण हे मी आत्ता लिहिते आहे. त्या दिवशी मी तिथं उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. बत्तीस वर्षं मुलींना शिकवून मी मुकाट उभी राहिले, हा राग माझा माझ्यावर आहे.

सचिननं सीट मागं सरकवली, कारण त्याचे पाय लांब. तिसऱ्याच वळणावर गाडी खड्ड्यात घातली. गिअरबॉक्सचा चुरा झाला. वैशू दोरीच्या मागं उभी राहून बघत होती. आम्ही गाडी ओढून आणली तेव्हा तिनं हातमोजे काढले, बॉनेटवर ठेवले आणि बसस्टँडकडे चालू लागली. पुढे कळलं की कोइंबतूरकडे रेसच्या गाड्या बांधणाऱ्या एका गॅरेजात लागली. तिथं तिच्या हाताखाली माणसं आहेत आता. सुरुवातीला तिनं बापाला दोनतीन फोन केले, बापानं तोडले. चूक आपली आणि वर राग आपलाच. मग तिनंही सोडलं. मला करते अधूनमधून. गाडीचे भाग विकतायत म्हटल्यावर म्हणाली, विकू द्या बाई, त्यांची आहे.

मारोतीभाऊंनी मला विकण्याचं कारण एवढंच सांगितलं होतं, "धुरकरी गेला, आता बैल ठेवून काय करता." एकेक करून सगळं गेलं. इंजिन, दरवाजे, काचा, दिवे. आंब्याखाली ओंडक्यांवर सांगाडा राहिला आणि आत चालवणाऱ्याची सीट. सासरची, लाल रंगाची, अंगाला दोन्हीकडून धरून ठेवणारी. ती जाहिरातीत त्यांनी कधी लिहू दिली नाही.

गेल्या महिन्यात हैदराबादचा एकजण आला. त्याची नखं काळी होती, म्हणून आत घेतला गेला. त्याला पत्र्याचा एक भाग हवा होता. मारोतीभाऊ पाना आणायला गोठ्यात गेले, तेवढ्यात हा सांगाड्यात शिरला, त्या सीटवर बसला आणि खालचा दांडा ओढून सीट सर्रकन मागं नेली. मी भिंतीवरून पाहत होते. मारोतीभाऊ बाहेर आले. त्यांच्या हातातला पाना खाली पडला. मला वाटलं आता मारतील. त्यांनी त्या माणसाला दंडाला धरून ओढून काढलं आणि फाटकाबाहेर घालवलं. मग सांगाड्याशी जाऊन बसले आणि दांडा ओढून सीट पुढं करू लागले. मागं करत, पुढं करत. उन्हं कलेपर्यंत तेच.

शेवटी मीच चिडले. भिंतीपाशी जाऊन जे तीन वर्षं बोलायचं होतं ते बोलले. म्हटलं, मारोतीभाऊ, भंगारातले बोल्ट दाव्याला बांधून ठेवलेत, पोटच्या पोरीचं काय ठेवलंत तुम्ही?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हते, पण चेहरा उतरलेला होता.

"तिचं माप होतं नं बाई," म्हणाले. "सचिननं सरकवली, ती म्या घरी आणून पुन्हा तिच्या मापाची करून ठेवली होती. कोणाले हात लावू नाई दिला. आता तो लेकाचा मागं करून गेला. चौथ्या खाचेवर केली म्या, पण मन नाई भरून राह्यलं."

तेव्हा मला कळलं की या माणसानं सगळी गाडी विकून काय राखलं होतं. आणि कळूनही माझा राग गेला नाही. उलट वाढला. एवढं होतं तर फोन का तोडलेस रे बाबा, असं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. फोन काढला, वैशूचा नंबर लावला आणि भिंतीवरून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तिलाच विचारा.

त्यांनी फोन कानाला न लावता तोंडासमोर धरला, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. तीन वर्षांनी बाप लेकीशी पहिलं वाक्य काय बोलला, तर, "तुही सीट कितव्या खाचेवर राहे?"

पलीकडे कुठलंसं यंत्र बंद केल्याचा आवाज आला. मग वैशूचा आवाज. "मागून पाचव्या."

"चौथ्या."

"पाचव्या, बाबा."

"चौथ्या. तीन वर्स झाले, मी रोज पाहून राह्यलो."

"सीटवर मी बसत होती का तुम्ही? चौथीवर माहा पाय क्लचले पुरतच नाई. तीन वर्स तुम्ही चुकीची ठेवली."

मी तोंडाला पदर लावला. तीन वर्षं कोणाला शिवू न देता जपलेलं माप, आणि तेच एका खाचेनं चुकलेलं. मारोतीभाऊ सांगाड्याकडे बघत राहिले. मग एकदम भडकले.

"मंग येऊन दाखव नं. फोनवर काऊन शहाणपण सांगून राह्यली?"

"येतो," वैशू म्हणाली. तीही भडकलेलीच होती. "बल्लारशाले उतरतो. पण येऊन पाहू काय? तुकडे तुकडे करून विकली तुम्ही ते."

मारोतीभाऊंनी गोठ्याकडे मान वळवली. आवाज एकदम खाली आला.

"बोल्ट आहेत सारे," म्हणाले. "एकही नाई देल्ला कोणाले."

त्यावर ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, कारण आता त्यांनी फोन कानाला लावला होता. पाठ माझ्याकडे केली होती. बराच वेळ नुसतं हूं, हूं करत होते. मग फोन माझ्या हातात दिला. "लई बोलते," एवढंच म्हणाले आणि सांगाड्याकडे गेले. मी घराकडे वळले तेव्हा मागून दांडा ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ खट् असा एकदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाले तर फोन. हैदराबादचाच. अपमान विसरला होता. म्हणाला, दीदी, ती लाल सीट मला पाहिजे, काकांना समजावा, म्हणतील ती किंमत देतो. मी उठून बसले. खिडकीतून पाहिलं, मारोतीभाऊ दावं खुंटीवरून उतरवून उन्हात घेऊन बसले होते आणि एकेक बोल्ट घासलेटात बुडवून पुसत होते.

"हे बघ भाऊ," मी त्याला म्हटलं, "विकाचीच आहे. पण तुले नाई."